पातळ तळाचे बूट

यमुना पडली तेव्हा दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

थिबा पॅलेसजवळचा उतार, गणपतीच्या दिवसांतली सकाळ. पाइप टाकायला कुणीतरी रस्त्याची कड खणून पुन्हा कशीबशी बुजवली होती. मी "उजवीकडे उंचवटा" म्हणेपर्यंत तिचा पाय त्या कडेवर पडला, बुटाचा जाड तळ होडीसारखा कलंडला आणि ती गुडघ्यांवर आपटली. दोरी दोघींनी नुसती बोटांत धरलेली असते, पण तिनं ती सोडली नाही. त्यामुळे मीही तिच्याबरोबर खाली बसले.

"लागलं?"

"लागणारच. डांबर आहे," यमुना म्हणाली. "तुम्हाला?"

"नाही."

"मग उठा. लोक बघत असतील."

कुणी बघत नव्हतं. मी तसं सांगितलं. तेव्हा ती रस्त्याच्या कडेलाच नीट मांडी घालून बसली, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले आणि त्यांचे तळ अंगठ्यानं दाबून पाहू लागली. बाजारात पाव ताजा आहे का ते पाहावं, तसं.

"हेमाताई, हे बूट म्हणजे कानात बोळे घातल्यासारखं आहे. रस्ता काय सांगतोय ते मला कळतच नाही."

मी तेव्हा रत्नागिरीत ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवत होते आणि कॉलेज भरायच्या आत धावून येत होते. आमचं धावणाऱ्यांचं एक छोटं मंडळ होतं. यमुना भाटकर एका खासगी रुग्णालयात टेलिफोनवर बसायची. लग्न झालं तेव्हा तिला थोडंफार दिसत होतं. मग डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं हळूहळू सगळंच गेलं. आदल्या उन्हाळ्यात एका रविवारी ती पांढरी काठी टेकत भाट्याच्या किनाऱ्यावर आमच्या मंडळात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला धावायचंय. कुणी दोरी धरेल का?" सगळ्यांत आधी मी हात वर केला. तो तिला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तोंडानं "मी धरेन" म्हणाले. मंडळानं तिला जाड गादीचे भारी बूट भेट दिले. ते बूट आता तिच्या मांडीवर होते.

मी फोन केला तसा तिचा नवरा, दत्ताराम, स्कूटर घेऊन आला. मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. हाताला कायम डिझेलचा वास, बोलणं मोजकं. त्यानं बायकोचे गुडघे पाहिले, रुमाल ओला करून पुसले, तिला मागं बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, बस झालं आता. फेब्रुवारीच्या त्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचं काय ते डोक्यातून काढा."

"अहो, डोकं माझं आहे," यमुना मागून म्हणाली.

"गुडघेपण तुझेच आहेत."

स्कूटर निघून गेली. मी तिथे उभी राहून विचार करत होते तो बुटांचाच.

यमुना म्हणाली ते शास्त्राला धरून होतं. घरात ती अनवाणी असायची आणि कधी ठेचकाळायची नाही. कुठल्या फरशीचा टवका उडालाय, मोरी कुठे सुरू होते, अंगणात चिरा कुठे संपतो, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं. तेच तळवे आम्ही बोटभर जाड फोममध्ये बांधून तिला रस्त्यावर पळवत होतो. मी शोधाशोध केली आणि पातळ तळाचे, पुढून पंजासारखे रुंद बूट मागवले. टाच उंच नाही, गादी नाही. हातात घेऊन पोळीसारखी गुंडाळी करता येईल असे. दोन जोड मागवले. एक तिला, एक मला. कारण दोरी धरून धावताना दोघींची पावलं एका ठेक्यात पडावी लागतात, आणि पातळ तळावर पाऊल आपोआप आखूड पडतं. मी जाड बुटांत ढांगा टाकत राहिले असते, तर दोरीला सारखे हिसके बसले असते.

पहिल्याच दिवशी त्या बुटांनी मला माझी चाल दाखवली. कॉलेजच्या व्हरांड्यातून मी नेहमीसारखी चालले आणि प्रत्येक पावलाला टाच फरशीवर आपटून कवटीपर्यंत ठणका गेला. इतकी वर्षं मी अशी आपटत चालत होते आणि गादी ते झाकत होती. चार दिवसांत पोटऱ्या दगड झाल्या. जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरायचे. विद्यार्थी आदबीनं बाजूला व्हायचे, त्यांना वाटलं मॅडमना संधिवात झाला.

फिजिओथेरपिस्ट डॉक्टर खेडेकरबाईंनी आम्हा दोघींना शेजारी बसवून सांगितलं, "इतकी वर्षं अंथरुणात पडून असलेला माणूस असतो ना, तसे तुमचे पाय आहेत. उठवलंत, चांगलं केलंत. पण उठवल्याबरोबर त्याच्या पाठीवर पोतं देऊ नका. आधी घरात चाला. मग बाहेर चाला. मग चालता चालता मधेच जरासं धावा, आणि पुन्हा चाला. कंटाळा येईल. येऊ दे."

यमुनाला कंटाळा आला नाही. ती कामावर ते बूट घालून जाऊ लागली. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर हळूहळू चालायची. मी बरोबर असले की मला सांगायची, "इथे वाळू उडून आलीय. हा जुना काँक्रीटचा तुकडा. आता ओलं लागलं, कुणीतरी जाळी ओढत नेलीय." टाच न आपटता, पाय बरोबर अंगाखाली टेकवून, बोटं पसरून ती चालायला शिकली. महिन्याभरानं आम्ही थोडं थोडं धावायला लागलो तर दोरी जवळजवळ सैल राहू लागली. तिचा पाय खडीवर पडला की तो अर्ध्यातच हलका व्हायचा आणि पुढे निघून जायचा. भाट्याच्या सुरूच्या बनाच्या कडेनं एकदा आम्ही धावत होतो. मुळं होती. मी "मुळं" म्हणायच्या आत ती म्हणाली, "कळलं."

मला मात्र चालण्यानं पोट भरेना. मी लांब पल्ल्याच्या शर्यती पुऱ्या केलेली बाई. सावकाशीचे नियम नवख्यांसाठी असतात, असं माझं मत होतं. पोटऱ्या मऊ झाल्या तशी मी सकाळी एकटी बाहेर पडून त्याच बुटांत माझं जुनं अंतर धावू लागले. डांबरावर. काय हलकं वाटायचं म्हणून सांगू! शाळेत असताना धावायचे तसं. जानेवारी लागता लागता डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटांच्या मागे, एका जागी दुखायला लागलं. मी आठवडाभर तिकडे लक्षच दिलं नाही. मग एका सकाळी पाय टेकवेना.

खेडेकरबाईंनी फोटो काढायला लावला. हाडाला केसासारखी चीर होती.

"किती?" मी विचारलं.

"शर्यत विसरा," त्या म्हणाल्या आणि मला कडक तळाचा अवजड बूट चढवला.

तशीच रिक्षा करून मी यमुनाकडे गेले. मांडवीला त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढे ओटी. दत्ताराम ओटीवर बसून कसलासा पंप उघडत होता. यमुना आत कोकमाची सोलं निवडत होती. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. पायाचं काय झालं, कसं झालं, आणि मी दोरी धरू शकत नाही, हे.

 दत्तारामानं हातातला पाना खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, तो त्यानं लपवला नाही.

"पायाला जपा, मॅडम," तो म्हणाला. "आणि ते शर्यतीचं राहिलं म्हणजे. पुढच्या वर्षी बघू."

"मंडळात दुसरं कुणी बघते," मी म्हणाले. "पण जो तो आपापली शर्यत धावणार आहे, आणि तुझ्या पावलाशी पाऊल जुळायला वेळ लागतो, यमुना."

"माझ्या पावलाशी ज्याचं जुळलंय असा माणूस आहे की," यमुना म्हणाली. "हे धरतील."

दत्ताराम हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"मी कशाला? मी काय धावणारा आहे?"

"बाजारात माझा हात कोण धरतं? सारखं पडशील, पडशील कोण म्हणतं? मग धरा दोरी."

"मला जमणार नाही गो."

"जमणार नाही की करायचं नाही?"

तो उठला आणि परसात निघून गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. यमुनानं सोलं निवडणं चालू ठेवलं. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "सकाळी भाट्याला या, हेमाताई. बसायला स्टूल घेऊन या." आवाजात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. दत्ताराम अनवाणी होता. खेडेकरबाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी त्याचे तळवे दाबून पाहिले, बोटं ओढून पाहिली. लहानपणापासून होडीच्या ओल्या फळ्यांवर अनवाणी वावरलेले पाय ते. "यांच्या पायांना काही शिकवायला नको," त्या म्हणाल्या, "दम तेवढा वाढवा." दमाचं काम सोपं नव्हतं. पोट सुटलेलं होतं आणि विडी सोडून फार दिवस झाले नव्हते.

पण खरी अडचण दम ही नव्हती. त्यानं दोरी धरलीच नाही. यमुनाचा दंड धरला, रस्ता ओलांडताना धरतात तसा घट्ट, आणि धावू लागला. दहा पावलांत दोघं एकमेकांच्या पायात. आणि तोंडानं अखंड चाललेलं, "सांभाळ, सांभाळ, ए सांभाळ."

"दंड सोडा," यमुना म्हणत होती. "दुखतोय."

"सोडला तर पडशील."

दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी यमुना वाळूत बसली आणि म्हणाली, "मला नाही जमायचं ह्यांच्याबरोबर." तिला रडू आवरत नव्हतं. तो चार हातांवर समुद्राकडे तोंड करून उभा होता.

मी त्याला हाक मारली. गळ्यातली ओढणी काढली आणि त्याच्या डोळ्यांवर बांधली. तो नको नको म्हणाला, पण शिक्षकाच्या आवाजात सांगितलं की माणसं ऐकतात. माझा पाय असा, त्यामुळे मी लंगडतच त्याला दंड धरून चालवलं, वाळूतून, सुरूच्या झाडांकडे. आणि एकच शब्द बोलत राहिले. "सांभाळ. सांभाळा हं. अहो, सांभाळा."

थोडं चालला आणि जागच्या जागी थांबला. हात पुढे करून चाचपू लागला.

"अहो मॅडम, सांभाळ म्हणजे कशाला? काय आहे पुढे?"

"काही नाही. वाळू आहे."

"मग सांभाळ कशाला म्हणता? मला पाऊल टाकवेना."

मागं वाळूत बसलेली यमुना हसायला लागली. रडता रडताच हसत होती. दत्तारामानं ओढणी सोडली नाही. तसाच उभा राहिला, पायाच्या बोटांनी वाळू चिवडत. मग म्हणाला, "अजून थोडं चालवा. पण काय आहे ते सांगा."

मी सांगितलं. "समोर मऊ वाळू. आता डावीकडे चढ. दोन पावलांवर मूळ." त्याचा पाय मुळाला लागला, थांबला, वरून गेला. मी दंड सोडला आणि दोरी त्याच्या बोटांत दिली. तो मागून शांतपणे आला.

त्या दिवसापासून दंड सुटला. सांभाळ हा शब्द लगेच नाही सुटला, पण त्याच्यामागून काहीतरी येऊ लागलं. "सांभाळ, डावीकडे गाडी लावलीय." मग नुसतंच, "डावीकडे गाडी." मग एके दिवशी मी स्टुलावर बसून ऐकत होते तर तो म्हणत होता, "होडी वाळूवर ओढलीय, निळी, तुझ्या मामाची होती तसली." वाटाड्यानं इतकं बोलायची गरज नसते. मी टोकलं नाही. डांबरासाठी त्यालाही पातळ बूट आणवले. त्यानं ते घातले, चार उड्या मारल्या आणि म्हणाला, "हे घालून न घातल्यासारखंच आहे." यमुना म्हणाली, "मग मी गणपतीपासून काय सांगतेय?"

शर्यतीच्या दिवशी मी भाट्याला शेवटच्या रेघेजवळ खुर्ची टाकून बसले. पायात तोच अवजड बूट. रस्ता भाट्याहून निघून कसोपचा चढ चढून पुढे जायचा आणि तिथूनच परत. एकेक जण येत गेले. माझ्या मंडळातले आले, पाणी प्यायले, गळ्यात पदकं घालून फोटो काढून घेऊ लागले. ऊन चढलं. स्वयंसेवक कडेच्या पताका उतरवायला लागले, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. अजून दोघं यायचीत म्हटलं.

आणि मग त्यांचं भांडण ऐकू आलं. दोघं दिसायच्या आधी.

"सांगितलं होतं चढावर हळू घे."

"हळूच घेतला. दम तुमचा गेला."

"माझा दम गेला म्हणून तुला पाणी मिळालं. पुढे सपाट. आता कड आली, उजवीकडे घे. अजून. बस."

"कळलं मला, पायाला लागली."

"मग बोलत का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना."

वळणावरून दोघं आली. दत्ताराम घामानं निथळत होता, तोंड लाल झालेलं. यमुनाची मान ताठ. मधे दोरी, ढिली, झोळीसारखी लोंबत. पावलं आवाज न करता पडत होती, चार पावलं एका ठेक्यात, आणि वर दोघांची तोंडं चालू. पताका काढणारी मुलं हात थांबवून बघत राहिली. रेघ ओलांडली तरी दोघं थांबेनात, कारण दत्ताराम सांगायला विसरला.

"संपलं की," मी म्हणाले.

"संपलं?" यमुना म्हणाली. "अहो, संपलं म्हणून सांगायचं होतं ना."

तो वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होता. मग तसाच बाजूला गेला, सुरूच्या बुंध्याला टेकून उभा राहिला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. मी पाहिलं आणि दुसरीकडे वळले.

यमुना माझ्या खुर्चीशेजारी खाली बसली. पाणी प्यायली.

"रडतायत ना?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"रडू दे." तिनं पाय लांब केले. मग म्हणाली, "हेमाताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, एक सांगते. त्या रविवारी मी मंडळात आले ना, त्याच्या आदल्या दिवशी दोरी मी ह्यांच्या हातात दिली होती. ह्यांनी परत केली. म्हणाले, दुसऱ्याच्या हातून पडलीस तर मी उचलीन. माझ्या हातून पडलीस तर मी काय करू?"

 इतके महिने मी स्वतःला तिची वाटाडी समजत होते, आणि त्याचा मला चांगलाच अभिमान होता. तो अभिमान खोटा होता असं नाही. फक्त ती जागा दुसऱ्याची होती आणि मी ती सांभाळून ठेवली होती, एवढंच.

"मग तुला धावायचं होतं की त्यांना धावायला लावायचं होतं?" मी विचारलं.

"दोन्ही," यमुना म्हणाली. "पण मला वेगात धावायचंय. आज फार हळू झालं. ह्यांच्याबरोबर मी किनाऱ्यावर फिरायला जाईन. पुढच्या वर्षी शर्यतीला तुम्ही."

"आणि ते?"

"ते येतील की रेघेवर उभं राहायला. आता राहवेल त्यांना."

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. आम्ही दोघींनी पुढे बऱ्याच शर्यती केल्या आणि मंडळात दोरी धरायला शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. कुणी न दिसणारं माणूस आलं की मी उत्साहानं हात वर करणाऱ्याला आधी गप्प बसवते आणि विचारते, घरचं कोण आलंय बरोबर? बहुतेक वेळा कुणीतरी लांब, गाडीला टेकून, तोंड वाकडं करून उभं असतं. मी त्याच्याकडे जाते.

शर्यतीच्या त्या दिवशी मात्र यमुनानं मला लगेच घरी जाऊ दिलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर तिनं माझ्या पायातला अवजड बूट हातानं चाचपला, त्याचा तळ दाबून पाहिला आणि विचारलं, "हा कधी निघणार?"

"पंधरा दिवसांनी."

"निघाला की सकाळी जेटीवर या. पातळ बूट घालून. पण धावायचं नाही, चालायचं. मी सांगेन तेवढंच."

"मी शिक्षिका आहे, यमुना."

"ते कॉलेजात," ती म्हणाली, आणि झाडाखालच्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, चला, भूक लागलीय."